सराव

मी आज मेले, सव्वाअकरा वाजता,
वर्ग क्रमांक चारमध्ये, दोन बाक जोडून.
दफनविधीच्या तासाला अमोलिक सरांना एक प्रेत लागतं.
पाटोळे, तू ये, म्हणाले, तू गप्प पडून राहशील.

त्याआधीचा दिवस साधाच.
साडेपाचची घंटा, गीझरपाशी बादल्यांची रांग,
रांगेत लालरिनपुई, डोळे मिटून, ब्रश तोंडात,
मिझोत प्रार्थना करतेय की शिव्या देतेय
हे मला दोन वर्षांत कळलेलं नाही.
सकाळच्या उपासनेत मागे बसून मी ग्रीक क्रियापदं घोकली.
देवाला माहीत आहे, उद्या पेपर आहे.
मग भटारखान्याची पाळी, एकशे चाळीस पानांचा कांदा.
शेवंताबाई म्हणतात,
रडायचं कॉलेज आहे का गं हे तुमचं?
जी येते ती डोळे पुसतच येते.

तर मी मेले.
ओढणी हनुवटीपर्यंत, हात पोटावर.
वर पंखा, छताला ओलीचा डाग,
एक पाल, जिला कुठल्याच विधीत रस नव्हता.
उजागरे वाचायला उभा राहिला, आवाज फाटला त्याचा,
सगळे हसले. मीही.
प्रेताने हसू नये, सर म्हणाले. उजागरे, पुन्हा.
कुटुंब समोर बसलंय असं समज.
कुटुंब म्हणून तीन रिकाम्या खुर्च्या मांडल्या होत्या.

आम्हीही तिघंच होतो.

दुसऱ्यांदा त्याने बरं वाचलं.
नावापाशी सरांनी थांबवलं:
नाव सावकाश. आधी एक श्वास, नंतर एक.
तेवढंच त्यांना ऐकू येतं, बाकीचं सगळं वाऱ्यावर जातं.

बाबांचं नाव घेतलं वॉर्डबॉयने, यादीवरून,
आडनाव चुकवून.
साखर कारखान्याच्या काट्यावर एकवीस वर्षं
उसाच्या गाड्या किलोकिलोने मोजणारा माणूस,
त्याला चौघांनी पिशवीसकट खाली सोडलं
एप्रिलच्या उन्हात, भराभर,
पुढची गाडी येऊन थांबली होती म्हणून.
आई, दादा आणि मी कंपाउंडबाहेर, स्कूटरपाशी.
पाळकांना स्वतःलाच ताप होता.
कुणी काही वाचलं नाही.

उजागरेने माती टाकली.
नुसती खूण कर म्हटलं होतं, त्याने खरीच टाकली,
कढीपत्त्याच्या कुंडीतली, वहीच्या कागदात बांधून आणलेली.
मी डोळे उघडले नाहीत.
जरा जास्तच वेळ.
ऊठ गं पाटोळे, सर म्हणाले, पुढच्यांचा तास आहे.

दुपारी शेवंताबाईंबरोबर मार्केट यार्ड.
हमाल ओरडतो, पाय सांभाळा ताई,
आणि मी कोबीच्या पोत्यासमोर उभी,
काट्यावरचा लाल आकडा थरथरताना बघत.
तो ठरेपर्यंत बाबा श्वास रोखून धरायचे.
बाई म्हणाल्या, चल, बिबवेवाडीची बस जाईल.

आईचा फोन आठ वाजता. जेवलीस का.
काय शिकवलं आज?
म्हटलं, वाचनाचा सराव होता.
कर बाई, ती म्हणाली. आपल्या मंडळीत
तुला पुलपिटावर कोण उभं करतंय,
पण मुलांना गोष्टी तरी नीट सांगशील.
मी हो म्हटलं. मग वरणाला फोडणी कशाची होती ते सांगितलं.

ग्रीकमध्ये एक भूतकाळ आहे,
घडलं, एकदा, संपलं.
मराठीत तो जमत नाही.
‘गेले’ म्हटलं तरी माणूस
चप्पल घालत दारातच उभा असतो.

दिवा मालवायच्या आधी वेणी सोडली
तर कंगव्यातून माती पडली, चिमूटभरही नाही,
उघड्या वहीवर.
फुंकणार होते.
पुई भिंतीकडे तोंड करून झोपली होती.
एक श्वास घेतला.
यशवंत शिमोन पाटोळे.
एक श्वास.

वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवली.
सातवं क्रियापद अजून येत नाही.